खारजुव्याचा निळा

७ डिसेंबर २०२४, शनिवार

निवृत्त मास्तर रोजनिशी लिहायला लागला की समजावं, त्याला दुसरं काम उरलेलं नाही. माझं उलट आहे. काम आलंय, म्हणून लिहितोय.

प्रफुल्लचा फोन होता. माझा जुना विद्यार्थी, चित्रकलेत अगदी ढ. हल्ली तो शनिवार-रविवारी लोकांना कुठे कुठे नेतो आणि काही ना काही करायला लावतो. कधी मडकी, कधी तारे बघणं. आता त्याला चित्रकला हवी आहे, तीही बेटावर. मोठागावच्या रेतीबंदरावरून होडीनं खारजुव्याला जायचं, तिथं एका घराच्या ओसरीवर बसून खाडी रंगवायची आणि शेवटी ठाण्यात प्रदर्शन. "सर, तुमच्यासारखा रंगांचा जाणकार आख्ख्या डोंबिवलीत नाय," म्हणाला. मस्का लावत होता, पण खोटं बोलत नव्हता.

शाळेनं माझ्या जागी कुणालाच घेतलं नाही. चित्रकलेचे तास गणिताच्या बाईंना वाटून दिले. निरोपाच्या भाषणात हेडमास्तर म्हणाले, आता सरांनी आराम करावा. आराम करायला मी काय आजारी आहे? मी 'हो' सांगून टाकलं. जोवर हात चालतोय आणि रंग दिसतोय, तोवर चांगदेव शिकवणार.

आणखी एक आनंदाची बातमी. गेले दोन महिने मी चाळिशीशिवाय पेपर वाचतोय, तोही बारीक अक्षरातल्या जाहिरातींसकट. आमच्या कोपरमध्ये माझ्या वयाच्या कुणाला हे जमत असेल तर पुढे यावं.

काल चैत्यभूमीवर जाऊन आलो. बरोबर रंभा, माझी बायको. तिची पांढरी साडी पार पिवळट दिसत होती. म्हटलं, साबण बदल. ती म्हणाली, "अहो, आजच घडी मोडली हिची." मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला असणार.

११ जानेवारी २०२५, शनिवार

खारजुवे एकदम पसंत. चारी बाजूंनी कांदळवन, मधे पंधरा-वीस घरं, एक शाळा, एक देऊळ. भरतीला होडी थेट गंगुबाईच्या अंगणाजवळ लागते. ओहोटीला मात्र उतरून चिखलातून चालावं लागतं आणि डोंबिवलीच्या बायका किंचाळतात. आपली ओसरी याच गंगुबाईची. ती स्वयंपाकही करते. दुपारी तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं, म्हणजे चिखलातल्या माशांचं, कालवण होतं. प्रफुल्लनं कागदावर 'ऑथेंटिक कोस्टल लंच' असं छापलंय. गंगुबाईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "तसा काय नय, मास्तर. निवट्या हान, निवट्या."

वर्गात दहा-बाराजण आहेत. बहुतेकांना सूर्यास्त, नारळ आणि शिडाची होडी काढायची आहे. इथं सूर्य माणकोलीच्या पुलामागे बुडतो, नारळ दोनच आहेत आणि होड्यांना मोटर लागून जमाना झाला. म्हटलं, दिसतं ते काढा.

मेघना म्हणून एक आहे, तिशी ओलांडलेली, ठाण्याला विम्याच्या ऑफिसात कामाला. जेमतेम काढते, पण बघते नीट. ब्रश उचलण्याआधी किती तरी वेळ नुसती खाडीकडे बघत होती. शाळेत असा एक जरी मिळाला तरी माझं वर्ष भरून यायचं.

पहिल्याच दिवशी नियम सांगून टाकला. दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही. मीही लावणार नाही. आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे ही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या क्लासात पोरांनी काढायचं आणि मग सरांनी 'हात फिरवून' द्यायचा. पोरगं घरी चित्र दाखवतं, आईबाप खूश, सरांचा क्लास फुल्ल. मी आयुष्यात कुणाच्या चित्रावर हात फिरवला नाही. त्यामुळे माझ्या पोरांना ए ग्रेड कमी मिळाल्या आणि माझा क्लास कधी चालला नाही. पण ज्याला बी मिळाली ती त्याची होती.

मेघनानं विचारलं, "आणि सर, चुकून कुणी लावला तर?"

"तर त्याचा ब्रश काढून घ्यायचा," मी म्हटलं. सगळे हसले.

एकच तक्रार. खाडीवर दिवसभर मळकट पिवळं धुकं होतं. कारखान्यांनी हवेचं वाटोळं केलंय.

१९ जानेवारी, रविवार

धुकं आहेच. मला वाटतं, मी एकटाच ते रंगवतोय. बाकीचे सगळे कॅलेंडरमधली स्वच्छ हवा काढतात.

रंगांच्या कंपन्याही आता लबाड झाल्यात. अल्ट्रामरीन निळ्यात दम म्हणून राहिलेला नाही. पूर्वी ब्रशाच्या टोकाला घेतला तरी आकाश उठायचं. आता अर्धी ट्यूब पिळली तरी राखाडीच. मी प्रात्यक्षिक करून दाखवत होतो आणि निळ्यावर निळा चढवत होतो. मागे कुणीतरी "बाप रे" म्हणालं. माझा वॉश, म्हणजे रंगाचा पसरता हात, बघून लोक अजून चकित होतात, हे बरं वाटलं.

ढगाला जरा पांढरा लावला तर मेघना म्हणते, "सर, पिवळा?"

बघितलं तर ट्यूब लेमन यलोची होती. मी अजिबात गडबडलो नाही. म्हटलं, "संध्याकाळचा उजेड असा असतो. बघायला शिक." तिनं घड्याळाकडे बघितलं. सकाळचे अकरा वाजले होते. पण वाद घातला नाही. चांगल्या घरातली आहे.

२५ जानेवारी, शनिवार

आज बघतो तर माझ्या रंगपेटीतल्या प्रत्येक ट्यूबवर कागदाची पट्टी, तिच्यावर ठळक अक्षरात रंगाचं नाव. मेघनानं केलंय. म्हणाली, "सर, छापलेली नावं पुसट होतात ना, म्हणून." कामसू पोरगी. घरी रंभाही हल्ली माझे मोजे जोडीजोडीनं पिना लावून ठेवते. निवृत्त माणसाचे बायका फार लाड करतात.

२६ जानेवारी, रविवार

आज बेटावरच्या शाळेत झेंडावंदन झालं. आम्हाला बोलावलं होतं. मला नारळ दिला. पोरं छान ओरडली. पण झेंडा बघून माझं डोकं फिरलं. मधली पांढरी पट्टी हळद सांडल्यासारखी आणि चक्र काळंकुट्ट. ज्या झेंड्याखाली आपण उभे राहतो तो निदान धुतलेला असावा की नाही? राज्यघटना ज्यांच्यामुळे मिळाली त्यांचं नाव घेऊन तुम्ही भाषणं करता आणि झेंडा असा? मी गप्प बसणाऱ्यातला नाही. सगळ्यांसमोर शाळेच्या मास्तरांना झापलं.

मास्तर कोवळे आहेत, गोरेमोरे झाले. गंगुबाईच मधे बोलली. "अवं मास्तर, परवाच कल्यानशी नवा आनलाय. पिवला कुठं हाय त्यान? पांढरा शिप्पट तं हाय!"

मी म्हटलं, "गंगुबाई, रंग मला शिकवू नका."

ती हसली नाही. नुसतं बघत राहिली, रंभा बघते तसं. मेघना मला हाताला धरून चहाला घेऊन गेली. कुणीच माझी बाजू घेतली नाही. लोकांना खरं बोललेलं चालत नाही, हेच खरं.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रफुल्ल आज स्वतः आला होता. सगळ्यांची चित्रं चाळली आणि मला चिंचेखाली बाजूला घेतलं.

"सर, एक रिक्वेस्ट होती. मार्चमध्ये ठाण्याला एक्झिबिशन आहे ना. तर ही सगळी चित्रं जरा... म्हणजे तुम्ही एकेकावर दहा-दहा मिन्टं हात फिरवलात तर..."

"नाही."

"अहो, फिनिशिंग बोलतोय मी फक्त. लोकांना घरी टांगायला काहीतरी पाहिजे ना, सर. सोसायटीत दाखवतात, स्टेटसला ठेवतात. आपली पुढची बॅच त्याच्यावरच येते."

"प्रफुल्ल, तुला शाळेत चित्रकलेत किती होते?"

"जाऊ द्या ना, सर."

"पस्तीस होते. मी हात फिरवला असता तर सत्तर मिळाले असते. फिरवला का?"

"नाय फिरवला. घरी मार खाल्लेला मी त्याच्यासाठी."

"मग आता मोठमोठ्या माणसांवर फिरवीन असं वाटलं कसं तुला?"

तो चिडला. जाताना म्हणाला, "सर, दुसरे पण आहेत टीचर. सुशांत म्हणून एक मुलगा आहे, एकदम फ्रेश आहे, लोकांना आवडतो. मी तुमच्यासाठी म्हणून थांबलोय."

थांबू नकोस, म्हटलं. तोंडावर म्हटलं. होडी सुटेपर्यंत माझे कान तापलेले होते. हे लिहिताना परत तापले. वर्ग गेला तर गेला. पण ओसरीवरची माणसं आठवतात. शाळा सुटल्यापासून मला 'सर, बघा ना' म्हणणारी हीच आहेत.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

ओहोटी होती. मेघनानं खाडीचा मोठा कागद घेतलेला. अख्खी सकाळ ती त्याच्यावर होती. जवळचा चिखल, मागचं पाणी, त्यात एक कलंडलेली होडी. रचना उत्तम. पण पाणी! मेलेलं पाणी. गटारासारखं मळकट तपकिरी. मी म्हटलं, पाणी उठव. ती म्हणाली, "उठलंय, सर." मी म्हटलं, निळा घाल. ती म्हणाली, "आहे तेवढाच आहे, सर. जास्त घातला तर खोटं होईल."

मला खोटं म्हणाली. तिला तसं म्हणायचं नसेल, पण मला तसं ऐकू आलं. तिकडे प्रफुल्ल, इकडे हे धुकं, दमच नसलेले रंग, मळका झेंडा, आणि आता माझीच विद्यार्थिनी मला निळा कुठे असतो ते सांगतेय. मी तिच्या हातून ब्रश घेतला, अल्ट्रामरीन भरला आणि डाव्या कोपऱ्यात पाण्यावर एक पट्टा ओढला. मग त्याच्यावर दुसरा, निळ्याची जराशी झाक येईपर्यंत. पाणी जिवंत झालं. मला तर झालेलं दिसलं.

गंगुबाई भाकरी थापायची थांबली.

मेघनानं माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. हळूच, पण काढूनच घेतला. म्हणाली, "सर, हे माझं चित्र आहे."

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी उठलो आणि धक्क्यावर जाऊन बसलो. होडी येईपर्यंत तिथून हललो नाही. नियम माझा, मोडलाही मीच, तेही सगळ्यांदेखत. आणि तरीही माझं मन म्हणत होतं, पण पाणी मळकंच होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

दुपारी रंभानं पलंगावर तीन ब्लाउजपीस मांडले. म्हणाली, "यातला निळा कुठला ते सांगा."

"काय पोरखेळ आहे हा?"

"सांगा तर."

बघितलं. म्हटलं, "एकही नाही. दोन काळे, आणि हा तिसरा मळका."

ती माझ्याजवळ बसली. "हा निळा आहे. हा काळा. आणि मळका म्हणताय तो पांढरा आहे, कोरा."

मी खिडकीत नेऊन बघितले. उलटेसुलटे करून बघितले. दोन काळेच होते.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"सहा डिसेंबरपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही माझ्याच डोळ्यांना नंबर लावून आला असता," रंभा म्हणाली. मग तिनं तोंडाला पदर लावला आणि मला कळेना की ती हसतेय की रडतेय. दोन्ही होतं.

मेघनानं तिला पिवळ्या ढगाच्या दिवशीच फोन केला होता. ट्यूबांवरच्या पट्ट्या दोघींनी ठरवून लावलेल्या. आख्ख्या खारजुव्याला माहीत होतं. एकटा मीच राहिलो होतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई आहेत, बोलायला मोकळ्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बऱ्यापैकी पिकलेला. म्हणाल्या, "काका, तुम्ही बराच काळ कोऱ्या चहाच्या ग्लासातून जग बघताय. हळूहळू होतं ना, म्हणून कळत नाही."

मी म्हटलं, "पण मी चष्म्याशिवाय पेपर वाचतो!"

त्या म्हणाल्या, "ते त्याच्यामुळेच. मोतीबिंदू पिकताना जवळचं काही दिवस उगीच साफ दिसतं."

एवढी फुशारकी मारली होती मी त्याची. खालच्या मजल्यावरच्या सुमतीबाईंना तर दर दोन दिवसांनी ऐकवलं होतं.

आधी उजवा डोळा, तीन मार्चला. डावा नंतर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गेल्या दीड-दोन वर्षांतली चित्रं बाहेर काढली. रंभाला म्हटलं, तू सांग कशी आहेत. खरं सांग, मास्तराची बायको म्हणून नको. तिनं एकेक हातात घेतलं. हे बरंय. यातलं झाड जांभळं झालंय. यातल्या आकाशाकडे बघवत नाही इतकं निळं आहे. हा माणूस हिरवा का आहे?

मी समोर बसून ऐकत होतो आणि मला त्यातलं काहीही दिसत नव्हतं. माझ्या दृष्टीनं सगळी ठीकठाक होती. आज पहिल्यांदा भीती वाटली. हात थरथरला असता, पाय गेला असता, तर निदान कळलं तरी असतं. ही गोष्ट आतल्या आत झाली आणि मी तिच्याच जोरावर दुसऱ्यांना शिकवत सुटलो.

रडलो. रंभानं चहा केला. मग मला राग आला आणि बरं वाटलं. आंधळा झालेलो नाही मी. माझी खाडी वेगळी दिसते, एवढंच झालंय. मग तीही कुणीतरी काढायला नको?

१५ फेब्रुवारी, शनिवार

गेलो. रंभा रेतीबंदरापर्यंत सोडायला आली होती, पोराला पहिल्या दिवशी शाळेत सोडतात तशी.

ओसरीवर सगळे जमल्यावर उभा राहिलो. म्हटलं, "मला मोतीबिंदू आहे. निळा मला काळा दिसतो, पांढरा पिवळा. हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं आणि तुम्ही मला सांभाळून घेतलंत. पुढच्या खेपेला कुणाच्या बाबतीत असं दिसलं तर सांभाळून घेऊ नका, तोंडावर सांगा. मेघना, तुझ्या चित्राला हात लावला. माझं चुकलं."

मेघना म्हणाली, "सर, मी त्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं, झेंड्याच्या. पण तुम्ही एवढ्या आवाजात बोललेलात ना..."

"झेंड्याच्या मास्तरला पन जाऊन सांगा," गंगुबाई चुलीजवळून म्हणाली. जाऊन सांगितलं. बिचारे परत गोरेमोरे झाले.

दुपारी प्रफुल्लचा फोन. त्याला बातमी लागलेली. आवाज एकदम मऊ. "सर, हेल्थ फर्स्ट. तुम्ही आता आराम करा. राहिलेले वीकेंड सुशांत बघेल."

आराम! हेडमास्तरांचाच शब्द. मी म्हटलं, "ही बॅच माझी आहे आणि शेवटपर्यंत मीच शिकवणार. तुला फारच वाटत असेल तर होडीत बस आणि मला ओसरीवरून उचलून ने."

"पण सर, रंग दिसत नसताना शिकवणार काय?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्त लागला. फोन ठेवला आणि ओसरीवर येऊन तेच करून दाखवलं. म्हटलं, आजपासून रंगाचं नाव तुम्ही मोठ्यानं सांगायचं. उजेड कुठे आहे आणि सावली कुठे, ते मी सांगेन. ते मला अजून दिसतं, तुमच्यापेक्षा चांगलं. राकेश म्हणून एक बँकवाले आहेत, ते म्हणाले, "सर, इथे फिक्का हिरवा." मी म्हटलं, फिक्का आहे पण मागच्या भिंतीपेक्षा काळोखा आहे की उजळ? त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "अरे, खरंच!" आज जेवढं शिकवलं तेवढं कितीतरी वर्षांत शिकवलं नव्हतं.

२ मार्च, रविवार

उद्या ऑपरेशन. आज ओहोटीच्या वेळी मेघनाच्या शेजारी बसून, तिच्याच जागेवरून खाडी काढली. यावेळी आठवणीतला निळा घातला नाही. मेघनानं ट्यूबा हातात दिल्या, मी फक्त जे दिसतं त्याच्याशी जुळवत गेलो. कोऱ्या चहाची खाडी. जुन्या पितळेसारखं आकाश. कांदळवन जवळजवळ काळं.

गंगुबाई येऊन बघून गेली. म्हणाली, "अशी तं खाडी मी लहानपनी कंदिलान बघायची."

५ मार्च, बुधवार

काल पट्टी काढली.

काय लिहू? डॉक्टरबाईंच्या भिंतीवर निळं कॅलेंडर होतं. मी बघतच राहिलो. बाहेर आलो तर रिक्षाच्या मागे निळी अक्षरं, एका पोराची निळी बाटली, औषधवाल्याच्या दुकानावर निळी पाटी. सगळ्या कल्याणमध्ये हा रंग असा फुकट सांडलेला होता आणि मला कुणी बोललं नाही. रंभा पांढरी साडी नेसून आली होती, मुद्दाम. मी स्टेशनजवळच्या गर्दीत उभं राहून म्हटलं, "पांढरी शिप्पट आहे." ती म्हणाली, "लोक बघतायत, चला."

पण गंमत वेगळीच आहे. उजवा डोळा झाकला की डाव्यात जुनं जग तसंच आहे. डावा झाकला की नवं. मी रिक्षात बसून एक झाक, दुसरा झाक करत होतो. रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, "काका, बरं वाटत नाय का?"

१६ मार्च, रविवार

डॉक्टरांची परवानगी, रंभाचा गॉगल आणि होडी. त्याच जागेवरून, त्याच ओहोटीत, उजव्या डोळ्यानं खाडी काढली. डाव्यावर रुमाल बांधला होता. पोरं 'चोर आला, चोर आला' म्हणून ओरडत होती.

खाडी निळी नाहीच मुळी. तपकिरी, करडी, हिरवट, आणि मधेच कुठेतरी आकाशाचा एक तुकडा. मेघनानं काढली होती अगदी तशी. तिचं बरोबर होतं, पहिल्यापासून.

२२ मार्च, शनिवार

ठाण्यात प्रदर्शन उघडलं. कुणाच्याही चित्रावर हात फिरवलेला नाही. राकेशची भिंत जरा कलली आहे, पण ती त्यांची आहे. माझ्या दोन्ही खाड्या शेजारी शेजारी लावल्या. खाली फक्त लिहिलं: डावा डोळा, उजवा डोळा. पहिली काढताना दोन्ही डोळे सारखेच होते, पण ती खाडी आता फक्त डाव्यात उरलीय.

प्रफुल्ल धावत आला. "सर, हे चहावालं काढू या ना. लोकांना वाटेल, टीचरलाच रंग कळत नाय."

"दोन वर्षं कळत नव्हताच."

"सर, प्लीज. आणि ते मेघना मॅडमचं बघितलं का तुम्ही?"

बघितलं नव्हतं. आतल्या भिंतीवर होतं. तेच चित्र, कलंडलेली होडी, ओहोटी, आणि डाव्या कोपऱ्यात माझा निळा. तिनं पुसला नव्हता, झाकला नव्हता. खाली चिठ्ठी: 'ओहोटी. चित्र: मेघना. डाव्या कोपऱ्यातला निळा: चांगदेव सर, न विचारता.'

"ही तर बदनामी झाली, सर," प्रफुल्ल कुजबुजला. "बोला ना त्यांना. तुमचं ऐकतील."

मी उजव्या डोळ्यानं बघितलं. माझा पट्टा इतका भडक आणि इतका उपरा होता की लाज वाटली. मग डाव्या डोळ्यानं बघितलं. अख्खं चित्र अंधारलेलं आणि तेवढा एकच कोपरा जिवंत. त्या दिवशी मी खोटं बोललो नव्हतो. मला जे दिसलं ते मी केलं होतं. चूक एवढीच की ते तिच्या कागदावर केलं.

मेघना शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात पेन्सिल होती. "सर, तुमच्या भागावर सही करा ना."

"दुसऱ्याच्या चित्राला मी हात लावत नाही."

"आता मी विचारतेय ना. म्हणून."

प्रफुल्ल म्हणाला, "सर, नको." रंभा मागून म्हणाली, "करा." मी निळ्याच्या खाली बारीक अक्षरात सही केली, उजव्या डोळ्यानं, नव्या चाळिशीतून. कुणाच्या चित्रावर केलेली माझी पहिली सही.

निघताना प्रफुल्लनं सांगितलं की उद्यापासून नवी बॅच, खारजुव्यालाच, सुशांतबरोबर. वाईट वाटून घेऊ नका, म्हणाला. मी म्हटलं, अजिबात नाही. गंगुबाईशी आधीच बोलून ठेवलंय. ओसरीच्या एका टोकाला सुशांत बसेल, दुसऱ्या टोकाला मी. मेघना येतेय, राकेश येतायत, झेंड्यावाले मास्तर शाळेतली पोरं पाठवतायत. ओसरी गंगुबाईची आहे आणि खाडी कुणाच्या बापाची नाही.

डाव्या डोळ्याची तारीख पंधरा एप्रिल. डॉक्टर लवकरची देत होत्या, मीच पुढची मागून घेतली. तोवर माझ्याकडे दोन खाड्या आहेत. सुशांतकडे एकच.